प्रवास, निसर्ग आणि प्रतिभा : बिभूतिभूषणांच्या तीन पुस्तकांवरून

लेखकाला स्फूर्ती हवी असेल तर त्याने गाव सोडून कुठेतरी डोंगरावर किंवा समुद्रकाठी जाऊन बसावे, असा एक समज आपल्याकडे चांगलाच रुजलेला आहे. कोणाची नवी कादंबरी प्रसिद्ध झाली की वाचक मोठ्या उत्सुकतेने विचारतात, 'हे आपण कुठे बसून लिहिलेत?' लेखकाने एखाद्या थंड हवेच्या ठिकाणाचे नाव सांगितले की विचारणाऱ्याचे समाधान होते. जणू स्फूर्ती ही त्या ठिकाणची खास पैदास आहे आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसारखी ती टोपलीत घालून घरी आणता येते! देशाटनाने शहाणपण येते, ही शिकवण तर आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ती खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु प्रवास आणि निसर्ग यांपासून कादंबरीकाराला नेमके काय मिळते, ते केव्हा मिळते आणि त्याची किंमत कोण देतो, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. येथे तेच विचारायचे आहेत.

असे प्रश्न नुसत्या तर्काने सुटत नाहीत. त्यासाठी एक माणूस आणि त्याची पुस्तके समोर ठेवावी लागतात. आम्ही त्यासाठी बंगालचे कादंबरीकार बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची निवड केली आहे. सत्यजित राय यांचा 1955 सालचा 'पथेर पांचाली' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्या चित्रपटामागची कादंबरी यांचीच, हे ठाऊक असेल. आगगाडी पाहायला धावत निघालेली ती दोन भावंडे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

बिभूतिभूषणांचा जन्म 1894 सालचा. वडील महानंद हे संस्कृत जाणणारे कथेकरी. आपल्याकडे पुराणिकबुवा जसे गावोगाव पुराण सांगत फिरत आणि मिळेल त्या दक्षिणेवर संसार चालवीत, तसाच हा व्यवसाय. त्यामुळे घरात दोन गोष्टी भरपूर होत्या : गोष्टी आणि दारिद्र्य. इच्छामती नदीच्या काठचे बराकपूर हे त्यांचे मूळ गाव. मुलाने शिक्षण घेतले, कलकत्त्याच्या रिपन कॉलेजातून तो 1918 साली पदवीधर झाला. लग्न झाले, पण थोड्याच काळात पत्नी गौरी हिचा मृत्यू झाला. पुढे पोटासाठी जे मिळेल ते काम त्यांनी केले. शाळेत शिकविले. गोरक्षणाचा प्रचार करणाऱ्या एका संस्थेचे प्रचारक होऊन पूर्व बंगाल, त्रिपुरा, आराकान असा प्रदेश पायांखाली घातला. नंतर कलकत्त्यातील एका जमीनदार घराण्यात नोकरी मिळाली आणि त्या घराण्याच्या बिहारमधील जमिनीची व्यवस्था पाहण्यासाठी 1924 च्या सुमारास त्यांची रवानगी भागलपूरला झाली. गंगेच्या उत्तरेकडे पसरलेले ते रान : उंच गवत, झाऊची झुडपे, मैलोगणती माणसाची वस्ती नाही. त्यात घोड्यावरून हिंडायचे, मोजणी पाहायची, हिशेब तपासायचे आणि जमीन कुळांना लावून द्यायची, असे ते काम होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बिभूतिभूषण स्फूर्तीच्या शोधात रानात गेले नव्हते. ते नोकरीवर गेले होते. हौशी प्रवासी चार दिवस राहतो आणि त्याला जे सुंदर तेवढेच दिसते. नोकरीवर गेलेल्या माणसाला पावसाळा, ताप, कंटाळा, रिकाम्या संध्याकाळी आणि शेजाऱ्यांची भांडणे हे सगळेच पाहावे लागते. रानाशी त्याचा संबंध पाहुण्याचा राहत नाही.

आता त्यांच्या तीन पुस्तकांकडे पाहू. पहिले 'पथेर पांचाली'. निश्चिंदिपूर नावाच्या बंगाली खेड्यातील अपू आणि दुर्गा या भावंडांची ही कथा. त्यातील बांबूची बेटे, आंब्याच्या बागा, पावसात भिजणारी झोपडी हे सारे लेखकाच्या लहानपणच्या गावावरून आलेले. ही कादंबरी त्यांनी 1925 ते 1928 या काळात लिहिली, आणि लिहिली ती भागलपूरला. म्हणजे आपल्या गावापासून दूर, बिहारमध्ये. 'विचित्रा' मासिकातून ती क्रमशः आली आणि 1929 साली पुस्तकरूपाने निघाली.

दुसरे पुस्तक 'आरण्यक'. यात ते बिहारचे रान आहे. कलकत्त्यातील बेकार पदवीधर सत्यचरण जमीनदारीचा व्यवस्थापक होऊन त्या रानात जातो, हा त्याचा विषय. परंतु हे पुस्तक रानात लिहिले गेलेच नाही. नोकरी सोडून कलकत्त्याला परतल्यावर, शाळामास्तरकी करीत असताना, 1937 ते 1939 या काळात 'प्रवासी' मासिकातून ते प्रसिद्ध झाले आणि 1939 साली त्याचे पुस्तक झाले.

तिसरे 'चाँदेर पाहाड', म्हणजे चंद्राचा डोंगर. मुलांसाठी लिहिलेली ही साहसकथा 1937 साली पुस्तकरूपाने आली. बंगालच्या खेड्यातील शंकर नावाचा तरुण आफ्रिकेत रेल्वेच्या नोकरीला जातो आणि हिऱ्यांच्या शोधात वाळवंटे आणि जंगले तुडवितो, अशी ही गोष्ट. लेखकाने आफ्रिका कधीही पाहिली नव्हती! हॅरी जॉन्स्टन, रोझिटा फोर्ब्ज अशा प्रवाशांच्या ग्रंथांचा आधार आपण घेतला, हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले आहे.

ही यादी पुन्हा एकदा मनाशी मांडून पाहावी. गावाची कादंबरी रानात लिहिली गेली. रानाची कादंबरी शहरात लिहिली गेली. आणि आफ्रिकेची कथा आफ्रिका न पाहता लिहिली गेली. म्हणजे लेखक ज्या ठिकाणी बसला होता, त्या ठिकाणाविषयी त्याने यांतले एकही पुस्तक लिहिले नाही. 'हे आपण कुठे बसून लिहिलेत?' या आपल्या आवडत्या प्रश्नाला येथे विचित्रच उत्तर मिळते. ज्याविषयी लिहिले तेथे सोडून इतर कुठेही!

हा निव्वळ योगायोग मानावा काय? आम्हांला तसे वाटत नाही. ज्या जागी आपण राहतो ती जागा आपल्याला तुकड्यातुकड्यांनी दिसत असते. आजचे काम, आजचे ऊन, आजची कटकट. ती पूर्ण दिसण्यासाठी तिचा आणि आपला संबंध तुटावा लागतो. माहेर सोडून आलेल्या मुलीला माहेरच्या तुळशीवृंदावनाचा एकेक चिरा आठवतो. तेथे राहत असताना तिने तो कधी मोजलेला नसतो. भागलपूरच्या निर्जन माळावर बसलेल्या बिभूतिभूषणांना इच्छामतीकाठचे खेडे असेच दिसू लागले. रानाने त्यांना रानाचे वर्णन दिले ते पुढे. प्रथम दिले ते त्यांचे स्वतःचे गाव. प्रवासाचा कादंबरीकाराला होणारा पहिला लाभ हा असा उलट्या दिशेने होतो. प्रवास नवे दाखवितोच, पण त्याआधी तो मागे राहिलेले दाखवितो.

असे असले तरी समोरच्या जागेचे काही देणे नसते, असे मात्र नाही. 'पथेर पांचाली'च्या पहिल्या खर्ड्यात दुर्गा नव्हती, अशी आठवण सांगितली जाते. हस्तलिखित जवळजवळ पुरे झाले होते. अशात भागलपूरच्या रस्त्यावर विस्कटलेल्या केसांची, काहीशा उदास डोळ्यांची एक लहान मुलगी बिभूतिभूषणांना दिसली आणि ही मुलगी कथेत नसेल तर कथाच पुरी होणार नाही, असे त्यांना वाटले. त्यांनी कादंबरी नव्याने लिहावयास घेतली. दुर्गेवाचून 'पथेर पांचाली'ची कल्पना आज आपल्याला करता येत नाही. अपूचे सारे जग तिच्या बोटाला धरून उलगडते. बंगालच्या खेड्यातील ती बहीण अशी बिहारमधील एका रस्त्यावर सापडली. प्रवासात असे काहीतरी अचानक पदरात पडते खरे. पण त्या मुलीला त्या दिवशी शेकडो माणसांनी पाहिले असेल. तिच्यासाठी मनात आधीच जागा तयार होती, ती एकाच माणसाच्या. ज्याच्याजवळ लिहावयाचे असे काही नाही, त्याला रस्त्यावर फक्त रहदारी दिसते.

आता दुसऱ्या पुस्तकाकडे वळू. रानात असताना बिभूतिभूषण रोजनिशी लिहीत. ती 'स्मृतिर रेखा' या नावाने 1941 साली प्रसिद्ध झाली. या रानातील कष्टाच्या आणि शौर्याच्या जीवनावर आपण कधीतरी लिहू, असा संकल्प त्यांनी 1928 साली तिच्यात नोंदविलेला आहे. संकल्प 1928 सालचा आणि पुस्तक 1939 सालचे! मधली अकरा वर्षे गेली कुठे? लोणचे घातल्यावर बरणीचे तोंड बांधून ठेवावे लागते. रोज उघडून चमचा घालणाऱ्याचे लोणचे मुरत नाही. अनुभवाचेही तसेच आहे. रोजनिशीने तपशील राखून ठेवले : कोणत्या महिन्यात कोणते फूल, चांदण्यात गवताचा रंग कसा दिसतो, कोण काय बोलले. काळाने त्यातील वैयक्तिक कुरबूर गाळून टाकली. दोन्ही गोष्टी लागतात. तपशील नसेल तर उरते ती नुसती हळहळ, आणि काळ गेला नसेल तर हाती राहते नुसते टिपण.

आपल्या मराठीत याचे एक उत्तम उदाहरण आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेत गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. परंतु 'माझा प्रवास' हा वृत्तान्त त्यांनी लिहून काढला तो सुमारे पंचवीस वर्षांनी, आणि तो छापून प्रसिद्ध झाला 1907 साली. भटजी काही कादंबरीकार नव्हते. तरीही त्यांचे पुस्तक आपण कादंबरीसारखे वाचतो, याचे एक कारण ते मुरलेले आहे हे असावे.

'आरण्यक'ची सुरुवातच या मुरण्याची साक्ष देते. दिवसभर कचेरीत राबून सत्यचरण कलकत्त्याच्या किल्ल्याजवळील मैदानात एका बदामाच्या झाडापाशी बसला आहे. समोरची उंचसखल जमीन पाहता पाहता क्षणभर त्याला वाटते, आपण त्या रानातल्या सरस्वती कुंडाच्या काठीच आहोत. इतक्यात मोटारीचा कर्णा वाजतो आणि भ्रम उडतो. शहरातील गोंगाटातच रान जिवंत होते. आणि रान आता नाही, ही जाणीवही त्याच क्षणी होते.

तिसऱ्या पुस्तकाचा, म्हणजे 'चाँदेर पाहाड'चा, उलगडा यावरून करता येतो. कोणी म्हणेल, न पाहता आफ्रिका लिहिता येते, तर मग प्रवास हवा कशाला? पण शंकरच्या गोष्टीतील नकाशा, प्राणी, डोंगरांची नावे ही ग्रंथांतून आली; रात्री एकट्या माणसाला अंधारात ऐकू येणारी शांतता ग्रंथांतून येत नाही. गंगेपलीकडच्या त्या रानात घोड्यावरून एकटे हिंडलेल्या माणसाजवळ ती होती. आमच्या मते शंकरचे भय आणि त्याचा आनंद हे दोन्ही बिहारचे आहेत. आफ्रिकेचे आहेत ते सिंह. एक अरण्य अंगात भिनले की दुसरे अरण्य कल्पनेने उभे करता येते. परंतु ते पहिले अरण्य मात्र उसने आणता येत नाही.

येथपर्यंत आपण प्रवासाविषयी बोललो. निसर्गाविषयी बोलताना एक दुसराच भ्रम दूर करावा लागतो. निसर्ग म्हणजे माणसे वजा करून उरलेला देखावा, असे आपण शहरवासी मानतो. छायाचित्र काढताना कोणी गुराखी मध्ये आला तर त्याला बाजूला व्हायला सांगतो! 'आरण्यक'मध्ये असे कोणालाही बाजूला केलेले नाही. सत्यचरण प्रथम रानात येतो तेव्हा त्याला करमत नाही. तो कलकत्त्यासाठी झुरतो. त्याला रानाची गोडी लागते ती माणसांतून. मुनेश्वरसिंग नावाच्या शिपायाची एकच इच्छा असते : एक लोखंडी कढई. तीत भात शिजविता येईल, तीतच जेवता येईल आणि ती फुटणार नाही. एवढ्या वस्तूचे स्वप्न पाहणारी माणसे या देशात आहेत, हे त्या सुशिक्षित तरुणाला तेथे प्रथम कळते. भात ही तेथे मेजवानी असते. भर पावसात लांबून चालत आलेली माणसे साध्या जेवणासाठी पंगतीला बसतात. धातुरिया नावाचा नाचणारा पोरगा असतो. आपला नाच कलकत्त्याला दाखवावा ही त्याची आस असते, आणि शेवटी तो रेल्वेच्या रुळांवर मेलेला आढळतो. राजू पांडे याला जमीन मिळते, पण पूजाअर्चा आणि पोथी यांत तो इतका दंग, की झाडे तोडायला त्याला सवडच होत नाही. युगलप्रसाद हा तर सर्वांत वेगळा : तो दुरून दुरून फुलझाडे आणि वेली आणतो आणि कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या रानात लावतो. त्यातून त्याला कवडीचाही लाभ नसतो.

आणि भानुमती. एकेकाळी या डोंगरांवर राज्य केलेल्या वनवासी राजवंशातील ही मुलगी. सत्यचरण तिला विचारतो, भारतवर्षाचे नाव ऐकले आहेस काय? तिने ऐकलेले नसते. ती उलट विचारते, ते कोणत्या दिशेला आहे? या एका प्रश्नापुढे आपली पुष्कळशी व्याख्याने फिकी पडतील, असे आम्हांला प्रामाणिकपणे वाटते. प्रवासाने ज्ञान मिळते ते असे. आपल्या नकाशात जे लोक आहेत, त्यांच्या नकाशात आपण नाही, हे कळण्याचे.

आता राहिला शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न : या साऱ्याची किंमत कोण देतो? सत्यचरणाचे काम काय होते, हे आपण विसरता कामा नये. त्याला पाठविलेले होते ते रान कुळांना लावून देण्यासाठी. चांदण्यातले जे माळ पाहून तो वेडा होतो, तेच माळ तो दिवसा मोजून देतो. सलामी भरून घेतो, पट्टे करून देतो. कुऱ्हाडी चालतात, आगी लागतात, झोपड्या उभ्या राहतात. सरस्वती कुंडाभोवतीचे रान तेवढे राखावे म्हणून तो धडपडतो, पण मालकांना पैसा हवा असतो आणि भुकेल्या कुळांना जमीन. या दोघांपैकी दुसऱ्यांना चुकीचे म्हणण्याची छाती त्याला होत नाही, आणि आपल्यालाही होऊ नये. पाच-सहा वर्षांत ते रान जवळजवळ संपते आणि परत निघताना तो वनदेवतांची क्षमा मागतो.

या पुस्तकात रानटी म्हशींचा रक्षणकर्ता टांडबारो नावाचा एक देव आहे. शिकारी म्हशींना पकडण्यासाठी खड्डे खणतात तेव्हा तो खड्ड्याच्या तोंडाशी हात वर करून उभा राहतो आणि कळपाला अडवितो, अशी तेथील लोकांची श्रद्धा. म्हशींना असा देव आहे. झाडांना नाही. सत्यचरणाच्या हातात तर लेखणी आहे, आणि तीच पट्ट्यांवर सह्या करते.

कादंबरीतील सत्यचरण आणि प्रत्यक्षातील बिभूतिभूषण यांना एकच मानण्याचे कारण नाही. परंतु नोकरी दोघांची सारखी होती. म्हणून आम्हांला असे वाटते की 'आरण्यक'ची खरी प्रेरणा निसर्गाचे सौंदर्य ही नसून त्या सौंदर्याचे ऋण ही आहे. जे आपण पाहिले, ज्यावर प्रेम केले आणि जे आपल्याच हातून गेले, ते निदान शब्दांत तरी जसेच्या तसे परत ठेवावे, ही ती तळमळ आहे. ग्रंथाचे नावही पाहण्याजोगे आहे. वेदवाङ्मयातील आरण्यके ही गावाबाहेर, अरण्यात अभ्यासावयाची. हे नवे आरण्यक शहरात लिहिले गेले आणि शहरातच वाचले जाते. कारण ज्या अरण्यात ते वाचावयाचे, ते उरलेले नाही.

पुढील आयुष्यात बिभूतिभूषण सुवर्णरेखेकाठच्या घाटशिला येथे वारंवार राहिले, सिंगभूमच्या जंगलांतून हिंडले आणि त्या भटकंतीवरही त्यांनी लिहिले. घाटशिला येथेच 1 नोव्हेंबर 1950 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या 'इच्छामती' या कादंबरीला 1951 साली मरणोत्तर रवींद्र पुरस्कार मिळाला. तिचे नाव त्यांच्या गावाच्या नदीचे आहे. इतकी वाट चालून मन शेवटी जेथून निघाले होते, तेथेच आले.

हे सारे आपण सांगावे आणि ऐकावे कशासाठी? आपण काही सगळेच कादंबरीकार नाही. पण प्रवासी आपण सगळेच आहोत. सुट्टी आली की सह्याद्रीत जातो, धबधबे पाहतो, कोकणात उतरतो. पाहिलेली जागा इतकी आवडते की तिथलाच एक तुकडा विकत घ्यावासा वाटतो. मग डोंगराच्या उतारावर प्लॉट पडतात, जाहिरातीत 'निसर्गाच्या सान्निध्यात' असे शब्द येतात, आणि ज्या झाडीसाठी गेलो ती झाडी बंगल्याच्या पायासाठी तोडावी लागते. सत्यचरण दुसऱ्याची नोकरी करीत होता. आपल्याला तीही सबब नाही.

म्हणून स्फूर्तीविषयी आमचे सांगणे इतकेच आहे. ती कोणत्याही ठिकाणी तयार मिळत नाही. ज्या जागी आपण डोळे उघडे ठेवून राहिलो, तेथल्या माणसांची नावे आणि झाडांच्या ओळखी मनात बाळगल्या, आणि मग जी जागा आपल्याला सोडावी लागली, ती जागा पुढे केव्हातरी आपल्याशी बोलू लागते. लिहिणारा ते लिहून ठेवतो. न लिहिणाऱ्यालाही एक गोष्ट करता येते, आणि ती युगलप्रसादाने दाखवून दिलेली आहे : जेथे जाल तेथे, आपल्या मालकीचे नसलेल्या जमिनीत, एखादे झाड लावून यावे.